मार्फत ९९ एपीओ

१९७१ च्या युद्धात तुम्ही काय केले, असे कोणी विचारले की मी टपाल वर्गीकरणाचे काम केले, असे सांगतो. त्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जी सभ्य निराशा उमटते, तिची मला आता सवय झाली आहे. बंदूक मला दिलेली होती, ती चालवण्याचे शिक्षणही झालेले होते, परंतु त्या चौदा दिवसांत आणि त्याच्या आधीच्या कित्येक महिन्यांत माझ्या हातात प्रत्यक्षात होते ते सुतळी, लाख, तारखेचा शिक्का आणि पत्रांचे गठ्ठे. लढाईच्या कथा सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी त्या सांगाव्यात. मला सांगायचे आहे ते पत्रांविषयी, आणि विशेषतः पत्र आणि तार यांपैकी आधी काय पोहोचावे या एका प्रश्नाविषयी, कारण माझ्या नोकरीची दोन्ही टोके या प्रश्नाने एकमेकांना जोडली गेली आहेत.

मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा. १९६७ साली टपाल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि दोन वर्षांनी सैनिकी टपाल सेवेसाठी स्वेच्छेने नाव दिले. या सेवेतील बहुसंख्य माणसे अशीच टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर येतात, काही वर्षे वर्दी घालतात आणि परत आपल्या खिडकीमागे जाऊन बसतात. त्या काळी ही सेवा सैन्याला रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरचा एक भाग होती. तिला स्वतंत्र कोअरचा दर्जा मिळाला तो युद्ध संपल्यानंतर, १ मार्च १९७२ रोजी. नागपूरजवळच्या कामठी येथे आमचे केंद्र होते. तिथे कवायत, हत्यार आणि लष्करी शिस्त शिकवून आमच्यातला कारकून पुसून टाकण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला, पण तो अर्थातच पूर्ण यशस्वी झाला नाही. आमचे उस्ताद म्हणत, की टपालवाल्यांची रांग सरळ असते, फक्त पावले सरकारी वेळेने पडतात.

पुढचे समजण्यासाठी लष्करी टपालाची रीत थोडी सांगितली पाहिजे. सैनिकाच्या पत्त्यात गाव नसते. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), एवढाच तो पत्ता. पूर्वेकडच्या सैन्याचे टपाल ९९ एपीओच्या पत्त्यावर, म्हणजे कलकत्त्याच्या मध्यवर्ती तळ टपालघरात जमा होत असे. कोणती पलटण आज कोणत्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या, म्हणजे फौजेबरोबरच्या टपालघराच्या, हद्दीत आहे याची गुप्त यादी तिथे असे, आणि त्या यादीप्रमाणे पत्रे थैल्यांत भरून रवाना होत. पलटण हलली की यादी बदलायची, पण घरच्यांनी लिहायचा पत्ता मात्र तोच राहायचा. माणमधली एखादी आई आपला मुलगा नेमका कुठे आहे हे माहीत नसताना महिनोन्‌महिने त्याला पत्रे लिहू शकत असे आणि ती त्याला मिळतही असत. ही व्यवस्था ज्याने कोणी प्रथम आखली, त्याला मी मनातल्या मनात अनेकदा सलाम केला आहे.

१९७१ च्या पावसाळ्यात माझी बदली त्रिपुरातील एका फील्ड पोस्ट ऑफिसात झाली. त्या राज्याची लोकसंख्या तेव्हा १५ लाखांच्या आसपास होती आणि सीमेपलीकडून, पूर्व पाकिस्तानातून आलेले शरणार्थी जवळजवळ तितकेच होते. शाळा, देवळे, रस्त्याच्या कडा, बांबूची बेटे, सगळीकडे माणसे होती. रेल्वे धर्मनगरपर्यंतच येत असे; तिथून पुढे आगरतळ्यापर्यंत डोंगरातून जाणारा एकच रस्ता होता आणि त्याच रस्त्याने दारूगोळा, धान्य, पेट्रोल आणि आमच्या थैल्या यायच्या. काही टपाल विमानाने आगरतळ्यास उतरे. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरचे मुख्यालय तेलियामुरा येथे आले, पाठोपाठ एकेक पलटण येऊ लागली आणि आमच्या तंबूतले लाकडी कप्पे अपुरे पडू लागले. युद्ध होणार की नाही यावर जवान पैजा लावत होते. आम्हाला पैज लावण्याची गरज नव्हती, कारण दर आठवड्याला नव्या पलटणींची नावे लिहून कप्प्यांवर चिकटवण्याचे काम आमच्याकडेच होते.

१५ नोव्हेंबरपासून घरून येणाऱ्या पाकिटांवर पाच पैशांचे एक जादा तिकीट दिसू लागले. कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ असे छापून ते काढलेले होते. शरणार्थ्यांसाठीचा हा कर देशभरातील टपालावर बसवला होता आणि तो १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत चालला. ज्यांच्यासाठी ते पाच पैसे होते ती माणसे आमच्या तंबूच्या दोरखंडापलीकडे चिखलात बसलेली असत. त्यांच्यापैकी एक वयस्कर शिक्षक मला एकदा इंग्रजीत विचारून गेले, की कोमिल्ल्याला पत्र जाऊ शकेल का. लष्करी टपालात नागरिकांचे पत्र घेता येत नाही, आणि घेतले असते तरी ते जाणार कुठून, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी माझे आभार मानले. त्या आभारांचे काय करायचे ते मला अजून कळलेले नाही.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध जाहीर झाले, असे इतिहासात लिहिलेले असते. आमच्या बाजूला सीमेपलीकडच्या अखौऱ्याची लढाई १ तारखेपासूनच सुरू झाली होती. अखौरा आगरतळ्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तोफांचा आवाज हा आमच्या दिवसाचाच भाग झाला. शहरावरही गोळे पडत होते. ३ आणि ४ डिसेंबरच्या रात्री अखौऱ्याजवळच्या गंगासागरला १४ गार्ड्‌स या पलटणीने हल्ला केला. त्याच हल्ल्यात लान्स नायक अल्बर्ट एक्का यांना वीरमरण आले आणि पुढे त्यांना परमवीर चक्र मिळाले. ५ तारखेस अखौरा पडले.

इथून आमच्या कामाचा तो भाग सुरू झाला ज्याविषयी कोणी बोलत नाही. लढाईनंतर पलटणीकडून यादी येई: इतके जखमी, इतके कामी आले. जखमींची पत्रे रुग्णालयाकडे वळवणे तुलनेने सोपे होते. जो गेला होता, त्याच्या नावाची पत्रे मात्र पुढे अनेक दिवस येत राहत, कारण ती आठ-दहा दिवसांपूर्वी टाकलेली असत. अशा पत्रांवर शेरा मारून ती परत पाठवायची असतात, पण लगेच नाही. मृत्यूची तार तेव्हा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून घरी जात असे. ती पोहोचली आहे अशी खात्री होईपर्यंत पत्र थांबवून ठेवायचे. कारण पत्र जर तारेच्या आधी घरी गेले, तर आपल्याच हातच्या पाकिटावर दोन-तीन शब्दांचा शेरा वाचून एखाद्या बाईला आपला नवरा गेल्याचे कळणार. आमच्या सुभेदारांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावले होते, की तंबूत आग लागली तरी आधी या कप्प्यातली पत्रे बाहेर काढायची, मग स्वतः निघायचे. तो कप्पा सर्वांत खाली होता आणि त्यावर नाव लिहिलेले नव्हते.

मी तिथे असेपर्यंत त्या कप्प्याचे काम माझ्याकडे राहिले. काही पत्रे उघडी कार्डे असल्याने न वाचायचे ठरवले तरी डोळ्यांना दिसत. पाऊस कसा झाला, बैल विकला, धाकट्याला पहिलीत घातले, असा मजकूर असे. भाषा बदलत, मजकूर फारसा बदलत नसे. आम्ही तंबूत या पत्रांविषयी एकमेकांशी कधी बोललो नाही. काम आटोपले की कोणीतरी चहाचे पातेले चुलीवर ठेवी.

९ डिसेंबरला आशूगंजचा मोठा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने उडवला. मेघना नदी ओलांडायची कशी, हा प्रश्न होता. सगत सिंग यांनी तो एमआय-४ हेलिकॉप्टरांनी सोडवला. ती हेलिकॉप्टरे दिवसरात्र फेऱ्या करून पलटणींना पलीकडे उतरवू लागली. लष्करी इतिहासात या उडीला मोठे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. आमच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच होता, की माणसे नदीच्या एका काठावर आणि त्यांचे टपाल दुसऱ्या काठावर राहिले. हेलिकॉप्टरमध्ये आधी जवान, मग दारूगोळा, मग तोफांचे भाग. थैल्यांचा क्रमांक फार खाली लागत होता, आणि तो तसाच लागायला हवा होता. आमच्या सुभेदारांनी तरीही दररोज सकाळी जाऊन जागा मागण्याचा नेम सोडला नाही. एकदा एका वैमानिकाने त्यांना विचारले, की यात असे काय आहे जे दोन दिवसांनी गेले तर बिघडेल. सुभेदार म्हणाले, “साहेब, दोन दिवसांनी ज्याच्या नावाचे आहे तो नसेल.” थैली गेली. माझ्या माहितीप्रमाणे लष्करी नियमांत अशा युक्तिवादाला कुठेही आधार नाही.

१६ डिसेंबरला ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी भारताच्या जनरल अरोरांसमोर शरणागतीच्या कागदावर सही केली. ती बातमी आम्हाला रेडिओवरून कळली. तंबूत आरडाओरडा झाला, कोणीतरी भांडे वाजवले. आमचे खरे युद्ध मात्र त्यानंतर सुरू झाले, असे मी अतिशयोक्तीशिवाय म्हणतो. चौदा दिवस ज्यांना लिहायला सवड मिळाली नव्हती, ते सगळे एकदम लिहायला बसले. आंतरदेशीय पत्रांचा साठा संपला; मग मिळेल तो कागद आला, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा, नकाशाची कोरी कड, धान्याच्या पोत्यावरची चिठ्ठी. बहुतेक पत्रांत एकच वाक्य महत्त्वाचे होते, मी सुखरूप आहे, आणि पत्राचा उरलेला भाग ते वाक्य नुसतेच लिहिले तर खोटे वाटेल म्हणून भरलेला होता. ज्यांना लिहिता येत नव्हते ते आमच्या टेबलासमोर रांग लावत. आमच्यातल्या ज्याला जी भाषा येई त्या भाषेची रांग त्याच्यापुढे. माझ्यापुढे मराठी आणि हिंदी. तोफखान्यातला एक सोलापूरकडचा गनर पुन्हा पुन्हा सांगत राहिला, की लिही, दोन्ही हात आहेत, दोन्ही पाय आहेत, दोन्ही डोळे आहेत. मी म्हणालो, अरे, सुखरूप लिहिले की त्यात हे सगळे आले. तो ऐकेना. आई म्हणेल सुखरूप म्हणजे किती, असे त्याचे म्हणणे होते, आणि मी ते सगळे एकेक करून लिहिले.

त्या आठवड्यात बाहेर जाणारे टपाल येणाऱ्या टपालापेक्षा कितीतरी अधिक होते. असे मी नोकरीच्या संपूर्ण काळात पुन्हा पाहिले नाही. त्यात मनिऑर्डरी वेगळ्या. तारखेच्या शिक्क्याने माझ्या उजव्या हाताच्या तळव्याला घट्टा पडला. युद्धातली माझी एकमेव शारीरिक खूण तीच, आणि ती पुढे नागरी नोकरीतल्या शिक्क्यांत मिसळून गेल्याने तिचे श्रेयही कुणाला देता येत नाही.

१९७२ मध्ये मला उत्तर भारतात हलवण्यात आले. पूर्वेकडे शरण आलेल्या सुमारे ९३,००० युद्धबंद्यांना देशातील निरनिराळ्या छावण्यांत ठेवले होते आणि त्यांच्या टपालाचे कामही आले होते. जिनिव्हा करारानुसार युद्धबंद्याला महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे पाठवता येतात. आमच्याकडे येणारी पत्रे तपासनिसांच्या हातून आलेली असत, बहुतेक उर्दू, त्यामुळे मला वाचता येण्याचा प्रश्न नव्हता. एका तपासनिसाला मी कुतूहलाने विचारले, की हे लोक काय लिहितात. तो कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, “पाऊस कसा झाला, म्हैस व्याली का, धाकट्याला शाळेत घातले का.” शत्रूविषयी मला तोवर जे वाटत होते ते या उत्तराने बदलले, असे सांगणे खोटे ठरेल, पूर्व बंगालमध्ये काय झाले होते ते मी शरणार्थ्यांच्या तोंडून ऐकले होते. पण त्या थैल्या मी इतर थैल्यांइतक्याच काळजीने बांधल्या, आणि त्या कामात कुचराई करणारा माझ्या पाहण्यात कोणी आला नाही. १९७४ च्या एप्रिलपर्यंत बंद्यांची परतपाठवणी पूर्ण झाली.

त्याआधी, १९७२ मध्येच, सुट्टीवर गावी आलो तेव्हा दुष्काळ होता. माझे वडील वर्दीकडे पाहून आनंदले, पण गावकऱ्यांना युद्धापेक्षा पाझर तलावाच्या कामावरचा हजेरीपट महत्त्वाचा होता. खडी फोडणाऱ्या बायकांच्या हातांवरचे घट्टे पाहिल्यावर माझ्या घट्ट्याचा उल्लेख करण्याचे मी टाळले. गावातल्या पोस्टमनच्या पिशवीत तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांच्या मनिऑर्डरी आणि सैन्यातल्या मुलांच्या मनिऑर्डरी, एवढेच काय ते होते, आणि तालुका त्यावर तगला.

१९७५ साली प्रतिनियुक्ती संपली आणि मी परत सातारा विभागात आलो. त्यानंतरच्या बढत्या, बदल्या, मुलांची शिक्षणे हे सगळे इतरांसारखेच झाले, त्यात वाचकाला रस वाटावा असे काही नाही. एक प्रसंग मात्र इथे आलाच पाहिजे. भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती त्या काळात मी एका मोठ्या गावी उपडाकघराचा पोस्टमास्तर होतो. साताऱ्यात सैन्यात मुलगा नाही असे घर शोधावे लागते. एका दुपारी तार आली. मी ती पोस्टमनकडे दिली नाही. त्याच्याबरोबर स्वतः गेलो, आधी सरपंचांना आणि मुलाच्या चुलत्याला गाठले आणि मग घरी गेलो. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

पाच-सहा दिवसांनी टपालाच्या थैलीतून त्याच मुलाचे पत्र निघाले. तारेच्या आधी लिहिलेले, तारेनंतर आलेले. त्रिपुरात आम्ही घरून येणारी पत्रे थांबवत होतो. जवानांनी घरी पाठवलेल्या पत्रांवर आमचा काही इलाज नव्हता, आणि त्यांचे पुढे काय होत असेल याचा विचारही तेव्हा केला नव्हता. टपाल थांबवण्याचा पोस्टमास्तराला अधिकार नाही. ज्याच्या नावाचे पत्र आहे ते त्याचे आहे. मी तेराव्यापर्यंत थांबावे असे पोस्टमनला वाटत होते. मला तसे वाटले नाही, आणि आजही वाटत नाही. त्याच दिवशी ते घेऊन गेलो. त्याच्या बायकोने ते हातात घेतले, बराच वेळ अक्षर पाहिले आणि मग म्हणाली, “तात्या, तुम्हीच वाचा.” पत्रात घराच्या मागच्या भिंतीचे काम पावसाआधी उरकून घ्यावे, विटा अमक्याकडून घ्याव्यात, त्याला आगाऊ पैसे देऊ नयेत, असे होते. शेवटी सगळ्यांना नमस्कार. तिने दुसऱ्या दिवशी भिंतीचे काम काढले. सुतकात बांधकाम काढले म्हणून काही जण बोलले, आणि ती त्यांना काही बोलली नाही.

१९९९ मध्ये कारगिलच्या वेळी बातमी दूरचित्रवाणीवर आधी आणि तार नंतर, असे होऊ लागले होते. २००७ साली मी निवृत्त झालो. २०१३ च्या जुलैत देशातील तारसेवाच बंद झाली. लोकांनी हौसेने शेवटच्या तारा पाठवल्या. माझ्या एका पुतण्यानेही मला पाठवली आणि ती मी ठेवली नाही.

आता कागदांविषयी, कारण माझ्यासारखे जे काही थोडे उरले असतील त्यांना याचा उपयोग होईल. पूर्वेकडच्या युद्धक्षेत्रात सेवा केलेल्यांना ‘पूर्वी स्टार’ हे पदक मिळाले, ते माझ्याकडे आहे. पण माझे निवृत्तिवेतन टपाल खात्याचे, संरक्षण खात्याचे नव्हे. त्यामुळे समान पद, समान निवृत्तिवेतनाचा प्रश्न आमच्या बाबतीत येत नाही, आणि माजी सैनिकांची आरोग्य योजनाही लागू होत नाही. याची मला तक्रार नाही. तक्रार होती ती वेगळी. निवृत्तीनंतर एका कार्यालयात मी माजी सैनिक म्हणून नोंदणीस गेलो तेव्हा तिथल्या गृहस्थांनी माझे कागद उलटसुलट करून विचारले, की तुम्ही नक्की सैनिक की पोस्टमन. मी म्हणालो, दोन्ही. त्यांच्या अर्जात दोन्हीसाठी रकाना नव्हता.

तो रकाना पुढे आला. केंद्र सरकारने २०१२ साली माजी सैनिकाच्या व्याख्येत दुरुस्ती केली. तीत १४ एप्रिल १९८७ पूर्वी सहा महिन्यांहून अधिक काळ सैनिकी टपाल सेवेत प्रतिनियुक्तीवर असलेल्यांचा समावेश आहे. ही व्याख्या मुख्यतः केंद्र सरकारी नोकऱ्यांमधील आरक्षणासाठी आहे आणि ती आली तेव्हा आमच्यातला सर्वांत तरुण माणूसही पंचेचाळिशी ओलांडलेला असणार, म्हणजे नोकरीसाठी तिचा लाभ घेण्याचे वय जवळजवळ सगळ्यांचेच उलटून गेलेले. सरकारी कामात असे चालतेच. मीही सरकारी माणूस असल्याने मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. तरी मी प्रतिनियुक्तीचा आदेश, परत पाठवणीचा आदेश आणि सेवापुस्तकातील नोंदीची साक्षांकित नक्कल घेऊन पुन्हा गेलो. या वेळी खुर्चीत एक तरुण मुलगी होती. तिने नियम वाचला, परत वाचला आणि नोंद करून घेतली. ज्यांच्याकडे परत पाठवणीचा आदेश नसेल त्यांनी आपल्या टपाल विभागाच्या अधीक्षकांकडे सेवापुस्तकाची नक्कल मागावी. लष्करातील सेवेचा काळ त्यात नोंदलेला असतो आणि त्या नोंदीवर तारखा स्पष्ट वाचता येतात की नाही हे अर्ज करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.